उंचीला बक्षीस नको



यंदाच्या कुंडी-स्पर्धेचे नियम बदलायचे माझ्या मनात आहे. शाळेच्या बैठकीत हा विषय येण्याआधी तुमच्यापुढे ठेवावा, म्हणून हा लेख. नियम का बदलायचे हे सांगताना आधी माझी चूक सांगावी लागेल. तेव्हा सुरुवात तिथूनच करते.

मागच्या वर्षी नोव्हेंबरच्या मध्यावर सहावी-सातवीच्या मुलांना आपण व्हायोलाचे एकेक रोप दिले होते. व्हायोला म्हणजे पॅन्सीची धाकटी बहीण. फूल रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, जांभळे-पिवळे, मध्ये मांजराच्या मिशांसारख्या रेघा. बी शाळेतच सप्टेंबरअखेर पेरले होते. रोप घरी न्यायचे, वाढवायचे आणि २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर मांडायचे, असे ठरले होते. परीक्षक मी होते.

त्या दिवशी टेबलावर एक कुंडी सगळ्यांच्या वर डोके काढून उभी होती. रोप चांगले फूटभर उंच, त्याला बांबूची काडी लावून लोकर बांधलेली आणि शेंड्यावर तीन फुले. मी कौतुकाने पहिले बक्षीस दिले. टेबलाच्या टोकाला एका मुलीची कुंडी होती. रोप जेमतेम चार बोटे उंच, गोल, दाट, अंगावर सात-आठ कळ्या, पण उमललेले फूल एकच. मी तिला विचारले, "अगं, हे वाढलं का नाही?" ती म्हणाली, "बाई, मी त्याचा शेंडा खुडला होता." मी हसून पुढे गेले.

आठ दिवसांत पहिल्या बक्षिसाचे रोप काडीसकट आडवे झाले. त्या मुलीच्या कुंडीत मात्र फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका वेळी एकवीस फुले होती. ती कुंडी तिने कुणाला न सांगता माझ्या खोलीबाहेर आणून ठेवली. वर्गात बाईंची चूक मुलांनी दाखवावी ती अशी.

वनस्पतिशास्त्र हा माझा पदवीचा विषय. शिक्षण जबलपूरला, हिंदी माध्यमातून झाले. परीक्षेच्या पेपरात मी 'प्रकाश और पादप-वृद्धि' यावर पाने भरून लिहिले आहे. तरीही उंच रोप आणि सशक्त रोप यांतला फरक मला टेबलापाशी कळला नाही. त्यात आणखी एक गोष्ट कबूल करते. डिसेंबरात शाळेच्या व्हरांड्यातल्या आमच्या स्वतःच्या दहा कुंड्याही अशाच लांबुडक्या झाल्या होत्या. पाने दूर दूर आणि दांडे किडकिडीत. मला वाटले, रोपे अशक्त आहेत, खत कमी पडले. म्हणून मी युरियाचे पाणी घालायला सांगितले. 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' म्हणतात ना, तसे झाले. रोपे दहा दिवसांत आणखी दोन बोटे उंच झाली आणि माना टाकू लागली.

आमचे माळीमामा शाळेची पायरी चढलेले नाहीत. त्यांनी कुंड्या पाहिल्या आणि एवढेच म्हणाले, "अक्कार, गिडक्क बेळक बेक्रि." बाई, झाडाला उजेड हवा. मी म्हटले, "व्हरांड्यात उजेड आहे की." ते काही बोलले नाहीत. त्यांनी उन्हात आपला हात धरला आणि जमिनीवरची काळी सावली दाखवली. मग व्हरांड्यात येऊन तसाच हात धरला. सावली पडलीच नाही.

आपला डोळा फसवा आहे. बाहेरून आत आलो की तो क्षणात जुळवून घेतो आणि आत भरपूर उजेड असल्यासारखे वाटते. भर दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. घरात खिडकीपासून थोडे आत गेले, तर तो अनेकदा हजारसुद्धा नसतो. आपल्याला पुस्तक वाचायला तेवढा पुरतो. फुलझाडाला तो उपाशी ठेवतो. असे उपाशी रोप मग उजेड शोधायला निघते. पाने नि मुळे वाढवायचे सोडून सगळी पुंजी दांडा लांबवण्यात घालते. अंधाऱ्या खोलीत ठेवलेल्या बटाट्याला येणारे पांढरट लांब कोंब आठवा. तोच प्रकार.

रोप उजेडाकडे का झुकते, याचे प्रयोग चार्ल्स डार्विनने मुलगा फ्रान्सिस याच्यासह केले आणि १८८० साली त्यावर पुस्तक लिहिले. कोवळ्या कोंबाच्या टोकावर टोपी घातली तर तो झुकत नाही, हे त्यांना दिसले. म्हणजे उजेड ओळखणारी जागा शेंड्यात आहे. पुढे त्या शेंड्यातून खाली उतरणाऱ्या द्रव्याला ऑक्झिन नाव मिळाले. ते सावलीच्या बाजूला जास्त साठते, ती बाजू जास्त लांबते आणि रोप उजेडाकडे वाकते. हेच ऑक्झिन बगलेतल्या कळ्यांना दाबूनही ठेवते. शेंडा खुडला की तो दाब उतरतो आणि खालच्या दोन-तीन कळ्या फुटतात. एका दांड्याचे तीन होतात. त्या मुलीने हेच केले होते. मी ते पाठ केले होते, तिने करून पाहिले होते.

माझे म्हणणे असे आहे की, रोप लांबले म्हणजे उपाय करण्याआधी कारण ओळखले पाहिजे. कारणे चार-पाचच आहेत आणि प्रत्येकाची खूण वेगळी आहे. मुलांनो, ही खालची माहिती वहीत उतरून घ्या.

पहिले कारण उजेडाची कमतरता. खूण अशी की, दोन पेरांमधले अंतर वाढते, पाने फिकट होतात, खालची पिवळी पडून गळतात आणि सगळे रोप एकाच बाजूला झुकते. हुबळीच्या फ्लॅटमध्ये उत्तरेकडच्या गॅलरीत ठेवलेल्या कुंड्यांचे हेच होते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे तिथे ऊन येतच नाही. रोज कुंडी फिरवली तर रोप सरळ दिसेल, पण लांबायचे थांबणार नाही. त्याला रोज निदान पाच तास ऊन हवे, आणि तेही सकाळचे.

दुसरे कारण खताचा अतिरेक. इथे पाने फिकट नसतात. उलट गर्द हिरवी, मोठी आणि मऊ असतात, दांडा रसरशीत पण लेचापेचा असतो आणि फुले कमी येतात. युरियातले नत्र हे करते. उजेड कमी आणि नत्र जास्त अशी दोन्ही कारणे एकत्र आली, की माझ्या दहा कुंड्यांसारखी गत होते.

तिसरे कारण दाटी. वाफ्यातली किंवा ट्रेमधली मधली रोपे उंच आणि कडेची बुटकी असतील, तर दाटीच समजा. शेजारच्या पानांतून गाळून आलेला उजेड वेगळा असतो. त्यातला लाल भाग पानांनी शोषून घेतलेला असतो. रोपाला तो फरक कळतो आणि शेजाऱ्याच्या वर जाण्याची धडपड सुरू होते. दोन रोपांत वीतभर अंतर ठेवले की ही चढाओढ बंद पडते.

चौथे कारण उष्णता, आणि आपल्या गावासाठी हे सर्वांत महत्त्वाचे. व्हायोला मूळचा थंड हवेचा. त्याची एक पूर्वज जात पिरिनीज पर्वतातली आहे. तिचा पॅन्सीशी संकर १८६०च्या दशकात एडिनबर्गच्या जेम्स ग्रीव्ह यांनी सुरू केला आणि त्यातून आजच्या बागेतले व्हायोला आले. दिवसा १५ ते २० अंश आणि रात्री त्याहून गार हवा त्याला मानवते. पारा पंचविशीच्या पुढे रोजच जाऊ लागला की दांडे लांबतात, फुले लहान होतात. आमच्या जबलपूरला जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते, तिथे ही झाडे मार्चपर्यंत टिकत. मी लग्न होऊन धारवाडला आले तेव्हा तोच हिशेब घेऊन आले. धारवाडची हवा थंड म्हणून नावाजलेली, पण ती उन्हाळ्यात सुखाची म्हणून. डिसेंबरातही इथे दुपारी पारा २८च्या आसपास जातो. फेब्रुवारी अर्धा सरला की व्हायोलाचे दिवस भरत आले समजावे. जानेवारीपर्यंत आटोपशीर असलेले रोप तेव्हा सुटू लागले, तर त्यात तुमची चूक नाही. दुपारी सावली द्या, मातीवर वाळलेला पाला पसरा, आणि झाड गेले तर वाईट वाटून घेऊ नका.

पाचवे कारण विकत आणलेल्या रोपांचे. काही रोपवाटिकांत रोपे ठेंगणी राहावीत म्हणून वाढ रोखणारी रसायने देतात. दुकानात रोप मुठीएवढे आणि फुलांनी भरलेले दिसते. घरी आणल्यावर काही आठवड्यांनी रसायनाचा असर उतरतो आणि ते अचानक लांबू लागते. मी स्वतः एकदा अशी बारा रोपे आणून फसले आहे. तेव्हा रोप घेताना फुले मोजू नका. दांडा बुडाशी जाड आहे का आणि बगलेत फुटवे आहेत का, ते पाहा.

आता उपाय. आधी एक कटू सत्य सांगते. लांबलेला दांडा पुन्हा आखूड होत नाही. कुंडी उन्हात नेली तर पुढची वाढ सुधारेल, झालेली तशीच राहील. म्हणून कात्री लावावीच लागते.

रोप अगदी लहान, दोन-चार पानांचे असेल तर काम सोपे आहे. पुनर्लागवड करताना बीजपत्रांच्या जरा खालपर्यंत दांडा मातीत घ्या. मोठ्या रोपाला मात्र मातीची भर घालून बुंधा झाकू नका, तो कुजतो. रोपाला सहा-सात पाने आली की शेंडा नखाने खुडा. याहून मोठे झालेले असेल तर लांब दांड्यांतले एक तृतीयांश दांडे मातीपासून चार बोटांवर कापा, खाली दोन-तीन पाने राहतील असे. आठवड्याने आणखी काही कापा. सगळे एकदम छाटले तर रोपाकडे अन्न बनवायला पाने उरत नाहीत. सावलीतले रोप उन्हात नेताना पहिले तीन-चार दिवस फक्त कोवळे ऊन द्या, नाहीतर पाने भाजतात. पाणी सकाळी, वरची माती सुकल्यावरच द्या. फूल कोमेजले की देठासकट खुडा, कारण बी धरले की झाड फुले द्यायचे आखडते. खत म्हणून ओंजळभर मुरलेले शेणखत किंवा गांडूळखत महिन्यातून एकदा पुरे. ज्यांच्याकडे काळी माती आहे, विशेषतः हुबळीच्या बाजूला, त्यांनी कुंडीत ती एकटी भरू नये. ती पाणी धरून ठेवते आणि चुनखडीची असते. तांबडी माती, शेणखत आणि थोडी वाळू अशी मिसळण करावी.

छाटलेल्या रोपाला पुन्हा भरायला तीन ते चार आठवडे लागतात. आणि इथेच आपल्या स्पर्धेची अडचण आहे. डिसेंबरअखेरीस ज्या मुलाला रोप लांबल्याचे कळले आणि ज्याने शहाणपणाने ते कापले, त्याची कुंडी २६ जानेवारीला बोडकीच दिसणार. ज्याने काहीच केले नाही, काडी लावून लोकर बांधली, त्याच्याकडे त्या दिवशी फुले असणार. म्हणजे आपली तारीखच चुकीच्या मुलाला बक्षीस देते. दोष मुलांचा नाही, परीक्षकाचा आहे.

यावर दोन आक्षेप मला माहीत आहेत. एक आक्षेप पालकांचा. "फुले आलेली असताना मुलाला कापायला सांगता, तो रडतो." मागच्या वर्षी एका आईने मला हे ऐकवले. त्यांचे बरोबर आहे, मलाही जीवावर येते. पण शेवंती आणि झेंडूचा शेतकरी दरवर्षी शेंडे खुडतो आणि त्याला कोणी निर्दय म्हणत नाही. खुडल्याने फूल थोडे उशिरा येते, पण फुलांची संख्या वाढते. मुलाला रडू येत असेल तर अर्धेच दांडे कापू द्या आणि उरलेले ठेवा. महिन्याने त्यालाच दोन्ही बाजू मोजायला सांगा. तो पुन्हा रडणार नाही.

दुसरा आक्षेप आमच्या एका सहकारी शिक्षकांचा. "परदेशी फूल कशाला? शेवंती लावा, अबोली लावा." या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्या हवेत अबोली बारा महिने साथ देते, व्हायोला तीनच. पण तीन महिन्यांत चूक दिसते, सुधारता येते आणि सुधारलेली पाहताही येते, म्हणून मुलांच्या हातात मला व्हायोला बरा वाटतो. शिवाय तो अगदीच परका नाही. त्याच्याच कुळातली एक लहानशी गुलाबी-जांभळी वनस्पती आपल्याकडच्या माळरानावर पावसाळ्यात उगवते. हिंदीत तिला रतनपुरुष म्हणतात, कन्नडात पुरुषरत्न. भर उन्हात, मुरमाड जमिनीत ती आखूड, घट्ट राहते. तिला कोणी खत घालत नाही. पावसाळ्यात सहलीला जाल तेव्हा शोधा. एकच मोठी पाकळी खाली लोंबणारे फूल दिसले, तर तीच.

आता माझा प्रस्ताव. रोपे याही वर्षी नोव्हेंबरच्या मध्यावर मिळतील. पहिली पाहणी डिसेंबरच्या मध्यावर होईल. त्यात फुलांना गुण नाहीत, दांड्याचा जाडपणा, फुटवे आणि पेरांमधले अंतर एवढेच पाहू. दुसरी पाहणी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, ऊन चढू लागल्यावर. उंचीला एकही गुण नाही. आणि निम्मे गुण कुंडीला नसून वहीला असतील. रोपाला काय झाले, मला कारण काय वाटले, मी काय केले, त्याने काय झाले, हे आठवड्याला चार ओळी. रोप मेले तरी वही पूर्ण असेल तर ते निम्मे गुण पूर्ण मिळतील. माझी युरियाची गोष्ट मी स्वतः पहिल्या पानावर लिहून देणार आहे. निकाल २६ जानेवारीऐवजी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी लावावा. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली त्या तारखेला जो शोध लावला तो प्रकाशाविषयीचाच होता. आपल्या विषयालाही तो दिवस शोभेल.

पालकांकडे मागणे दोन गोष्टींचे आहे. कुंडी दिवाणखान्यात पाहुण्यांना दिसेल अशी ठेवू नका. गच्चीवर, अंगणात, पूर्वेच्या खिडकीबाहेर, जिथे हाताची सावली काळी पडते तिथे ठेवा. आणि मुलाने शेंडा खुडला तर रागावू नका. 'अमक्याचे रोप केवढे झाले बघ' हे वाक्य तर बोलूच नका. मी मुख्याध्यापक आहे, त्यामुळे हे वाक्य मी कुंड्यांशिवाय इतरही बऱ्याच बाबतींत ऐकते. त्यावर पुन्हा कधी लिहीन.

बैठकीत कोणाचे वेगळे मत असेल तर जरूर मांडा. तारखेबद्दल माझा आग्रह नाही. निम्मे गुण वहीला, या एका नियमावर मात्र मी अडून बसणार आहे.

ती मुलगी आता पुढच्या वर्गात गेली आहे, त्यामुळे स्पर्धेत ती नसेल. यंदा रोपे वाटण्याच्या दिवशी शेंडा कसा आणि कुठे खुडायचा, हे दाखवायला मी तिला बोलावले आहे. ती यायला तयार आहे. बक्षीस देण्याची वेळ गेली, पण निदान एवढे तिचे देणे लागतेच.